ओटीतला तरोटा

सन एकोणीसशे सदतीसच्या मृगात सरकारच्या असं ध्यानात आलं, की खेड्यातली माणसं आजारी पडतात. तोपर्यंत सरकारदरबारी फक्त मेलेल्यांची नोंद असे. ती कोतवाल दर आठवड्याला पोचवायचा आणि तीत सहसा चूक निघत नसे. पण मरण्याआधी माणूस काही दिवस आजारी असतो आणि आजारी पडण्याआधी काही दिवस बरा असतो, हा मुद्दा कुणीतरी वर मांडला. तो मंजूर झाला आणि त्याची छापील प्रत रिठदपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात येऊन पोचली.

परिपत्रकात म्हटलं होतं, की रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा रोग होऊच न देणं शहाणपणाचं आहे. त्यासाठी रयतेनं ताजा भाजीपाला खावा, आणि तो तिनं खावा म्हणून गावोगाव ग्रामारोग्य समिती नेमावी. समितीनं काय खावं, याबद्दल परिपत्रक गप्प होतं.

अध्यक्ष उकंडराव पाटील झाले, कारण गावातलं निम्मं रान त्यांचं होतं आणि चावडीतली हातांची एकुलती एक खुर्चीही त्यांच्याच घरून आलेली होती. चिटणीस इंद्रभान मास्तर झाले, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी पाच वह्या आखल्या. इतरांना पोटभर जेवल्यावर जी तृप्ती होते, ती मास्तरांना नुसती आखलेली कोरी वही पाहून होत असे.

श्रावणात आरोग्य खात्याचे डॉक्टर आले. तरुण होते, अकोल्याहून आले होते आणि परिपत्रकावर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांनी सगळा गाव शाळेसमोर रांगेत उभा केला आणि एकेकाची जीभ, हिरड्या आणि डोळे तपासले. मास्तर शेजारी बसून रकाने भरत होते. दुपारपर्यंत वहीचं एक पान भरलं आणि डॉक्टर त्या पानाकडे पाहून गोंधळले. पाटलांच्या घरातल्या नऊ माणसांपैकी सातांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. खुद्द मास्तरांच्या तोंडाचे कोपरे फाटलेले होते. आणि ज्यांच्याकडे बघायचं सगळ्यात शेवटी ठरलं होतं, त्या शेतात निंदायला जाणाऱ्या मजूर बायांच्या हिरड्या घट्ट, जिभा स्वच्छ आणि डोळे लखलखीत निघाले.

"तुम्ही खाता तरी काय?" डॉक्टरांनी विचारलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. खाण्याबद्दल आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यांची म्होरकी सोजरबाई पुढे आली. आदल्या दिवशीच्या निंदणातलं थोडं अजून तिच्या ओटीत होतं, ते तिनं डॉक्टरांसमोर टेबलावर पसरलं. तरोट्याचे कोवळे शेंडे, घोळ, तांदूळजा, कुंजर.

"हे तं तण हाये साहेब," ती ओशाळून म्हणाली. "कपाशीतलं. उपटून धुऱ्यावर फेकाचंच असते. त्यातलं खाण्याजोगं आमी ओटीत घेतो."

ही रीत किती जुनी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. निंदणारीनं तण उपटून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर टाकायचं, आणि उपटलेल्यातलं तिला हवं ते तिचं. यावर कधी भांडण झालं नव्हतं, कारण ती एखादी वस्तू आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं.

मग सोजरबाईनं आपली सून पुढे केली. विजयमाला सहाव्या महिन्याची गरोदर होती. ज्येष्ठात तिला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं होतं. भिंत चाचपडत चालायची. एकदा चुलीतल्या निखाऱ्यावर पाय पडला, त्याचा डाग तळव्यावर अजून होता. निंदण सुरू झाल्यापासून सासू तिला दोन्ही वेळा तरोटा आणि घोळ खाऊ घालत होती. आता ती दिवा न लावता डाळीतले खडे निवडत होती.

डॉक्टर मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले. अंधारून आल्यावर त्यांनी दहा पावलांवर उभं राहून तिला बोटं मोजायला लावली. विजयमालेनं ती बरोबर मोजली आणि वर त्यांच्या अंगठीतला खडा तांबडा आहे, हेही सांगितलं. डॉक्टरांना गहिवरून आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं, 'नमुना क्रमांक एक', आणि अकोल्याला जाऊन अहवाल पाठवला, की या गावाच्या शेतांत उगवणारं तण आरोग्यदृष्ट्या अत्यंत मौल्यवान असून तेच या गावाचा दवाखाना आहे.

गावावर आपत्ती आली ती या अहवालामुळे.

अहवालाची नक्कल चावडीत वाचली गेली तेव्हा उकंडराव पाटील खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी मास्तरांना 'मौल्यवान' हा शब्द पुन्हा वाचायला लावला. आजवर जे आपण धुऱ्यावर फेकायला लावत आलो, ते सरकार मौल्यवान म्हणतं, आणि ते आपल्या रानातून रोज वीस बायांच्या ओट्या भरभरून बाहेर चाललं आहे, हा हिशोब त्यांनी मनात मांडला. पाटलांना स्वतःला तरोटा खायचा नव्हता. तो खाल्ला तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण न खाणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं.

समितीचा पहिला ठराव त्याच बैठकीत झाला. गावच्या हद्दीतली आरोग्यदायी भाजी ही ग्रामारोग्याची राखीव संपत्ती समजावी. ती निंदणाऱ्या बायांनी परस्पर नेऊ नये. रोज चावडीवर जमा करावी, म्हणजे समिती तिची शास्त्रशुद्ध वाटणी करील. गायरान, नाल्याचा काठ आणि देवळामागचं पडीकही राखीव केलं, कारण मास्तर म्हणाले, हद्द म्हटली की सगळी हद्द.

दुसऱ्या दिवशी कोतवाल धुऱ्यावर उभा राहिला. निंदणाऱ्या बायांनी घरी जाताना त्याच्यासमोर ओटी झाडून दाखवायची. सोजरबाईनं ओटी झाडली आणि तशीच सरळ चावडीवर आली.

"पाटील," ती म्हणाली, "तण होतं तवा आमचं होतं. भाजी झाली तशी तुमची झाली?"

पाटलांनी तिला शांतपणे समजावलं, की यात तुझं-माझं काही नाही, हे सगळं तुमच्याच तब्येतीसाठी चाललं आहे. आजवर तुम्ही अंदाजपंचे खात होता, आता नियमानं खाल.

वाटणीचे नियम करायला मास्तरांना तीन रात्री लागल्या. सगळ्यात अवघड होता तो ताजेपणाचा प्रश्न. परिपत्रकात भाजी 'ताजी' हवी असं म्हटलं होतं, आणि ताजेपणाचा दाखला चिटणीसाच्या सहीशिवाय देता येत नव्हता. चिटणीसाची शाळा चारला सुटायची. बाया भाजी उपटायच्या सकाळी. ती चावडीच्या ओट्यावर दिवसभर पडून राही, माशा येत, शेळ्या येत, आणि चारनंतर मास्तर येऊन लिहीत: 'आजच्या तारखेची. ताजी.' तारखेत खोट नव्हती.

त्यानंतर भाजी कुणाला द्यायची, हा प्रश्न आला. इथे मास्तरांनी परिपत्रक शब्दाला शब्द लावून वाचलं. योजना रोग होऊ न देण्याची होती. म्हणजे ज्याला रोग झालाच आहे, तो या योजनेत बसत नाही. त्यानं दवाखान्यात जावं. ज्याला रोग होण्याची भीतीच नाही, अशा धडधाकट माणसाला भाजी देणं म्हणजे उधळपट्टी. राहिला तो ज्याला अजून रोग झालेला नाही पण होण्याचा संभव आहे, असा मधला माणूस. असा माणूस शोधायला डॉक्टरांची तपासणीची वही होतीच. तिच्यात हिरड्यांतून थोडं थोडं रक्त येणारी पहिली सात नावं पाटलांच्या घरची होती, आणि तोंडाचे कोपरे फाटल्याबद्दल आठवं मास्तरांचं.

निंदणाऱ्या बाया 'धडधाकट' या रकान्यात गेल्या. त्यांना भाजी बंद.

हाजराबी ही सोजरबाईची निंदणातली जोडीदारीण. तिनं हे सगळं ऐकून घेतलं आणि चावडीच्या पायरीवर बसून तपकीर ओढत म्हणाली, "मास्टर, आधी बीमार, आधी अच्छी, ऐसी औरत किधर मिलती वो तो बताव. हम वैसेच बनके आते."

मास्तरांनी तिचा प्रश्न सूचनांच्या वहीत नोंदवून घेतला.

भाद्रपद लागला आणि विजयमालेच्या डोळ्यांवर पुन्हा सावली यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्यानं भरलेली घागर उंबऱ्यावर आपटून फुटली आणि ती फुटक्या खापरांत दोन्ही हात पोटावर धरून बसून राहिली. सोजरबाईनं त्या दिवसापासून भाकरीच्या फडक्यात मूठभर घोळ लपवून आणायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी कोतवालानं फडकं उलगडलं. मास्तरांनी नोंद केली, 'अपहार, घोळ, मूठ एक.'

ती सुनेचा हात धरून चावडीवर गेली. म्हणाली, सातवा लागला, हिले सांजचं दिसत नाही, पोरगी कुठंतरी पडून दोन जीव जातीन. हिच्यापुरती तरी भाजी द्या.

मास्तरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी वही उघडून तिला दाखवली. विजयमालेचं नाव 'रोग बरा झालेले' या रकान्यात होतं, आणि त्या रकान्यावर अख्ख्या योजनेची इमारत उभी होती. रोग बरा झालेल्या बाईला रोग होऊ न देण्याची भाजी द्यायचं कारण नव्हतं. आणि रोग पुन्हा झाला असेल, तर ती रोगी झाली. तिनं दवाखान्यात जावं.

सोजरबाईनं गाडी जुंपून घेतली आणि सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जाऊन यायला दोन दिवस लागले. तिथल्या म्हाताऱ्या कंपौंडरनं विजयमालेचे डोळे पाहिले आणि म्हणाला, बाई, याला बाटलीतलं औषध कशाला, रानातली हिरवी भाजी दोन वेळा पोटात जाऊ दे, महिन्यात फरक पडेल. त्यानं तसं कागदावर लिहून दिलं: 'तरोटा, घोळ, तांदूळजा. ताजे. रोज दोन वेळा.'

तो कागद घेऊन ती पुन्हा चावडीवर आली. मास्तरांनी तो दोनदा वाचला.

"हे तं औषध झालं सोजरबाई," ते हळहळून म्हणाले. "समितीले औषध द्याचा अधिकार नाही."

दरम्यान पाटलांच्या घरी रोज संध्याकाळी सात माणसांच्या वाट्याची भाजी पोचत होती. पाटलीणबाई मनकर्णाबाई यांनी पहिल्याच दिवशी पदर नाकाला लावून सांगितलं होतं, की निंदणाऱ्या बायांचं खाणं माझ्या चुलीवर चढणार नाही. पण सही करून आलेली भाजी परत पाठवणं म्हणजे सरकारचा अपमान. म्हणून ती म्हशीपुढे जाई. मास्तरांच्या वहीत मात्र ती 'सेवन केली' अशी लिहिली जाई. कुणी केली, असा रकाना त्यांनी आखलेला नव्हता. म्हशीची कांती त्या महिन्यात इतकी सुधारली, की रिठदचे लोक तिला पाहून जायचे.

आश्विनात निरोप आला, की आमच्या गावाला आदर्श आरोग्य-ग्राम ठरवण्यात आलं आहे. स्वतः मोठे साहेब येणार, प्रमाणपत्र देणार, आणि ते नमुना क्रमांक एक, म्हणजे विजयमालेच्या हाती देणार. समितीनं शाळेसमोर मांडव घातला. टेबलावर गावच्या भाज्यांचं प्रदर्शन मांडलं. तरोट्याची पानं एव्हाना निबर झाली होती. म्हणून पाटलांनी नाल्याच्या राखीव काठावरून कोवळा तांदूळजा आणि घोळ मुद्दाम उपटून आणवला. आदल्या महिन्यात एवढी चांगली भाजी गावानं पाहिली नव्हती.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता. साहेबांच्या मोटारीचं चाक रिसोडच्या वाटेवर दोनदा बसलं आणि मोटार मांडवाशी आली तेव्हा दिवस मावळत होता. कोतवाल गॅसबत्तीला पंप मारत होता, पण ती पेटायला तयार नव्हती. मास्तरांनी घाईघाईत अहवाल वाचला. गावानं दोन महिन्यांत एकवीस मण ताजी भाजी सेवन केल्याचं ऐकून साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग विजयमालेचं नाव पुकारलं गेलं.

ती उठली. पदर सावरला आणि आवाज आला त्या अदमासानं चालू लागली. टेबलाला वळसा घालून, साहेबांच्या पुढून, ती तशीच सरळ गेली आणि मोटारीच्या दिव्यासमोर उभी राहून तिनं मोठ्या अदबीनं मोटारीला नमस्कार केला. मग दोन्ही हात पुढे करून ती प्रमाणपत्राची वाट पाहत राहिली. तिच्या पाठीमागे पाच पावलांवर साहेब प्रमाणपत्र हातात घेऊन उभे होते.

कुणी हसलं नाही. कुणीतरी टाळी वाजवली, म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या.

"लाजतेय बिचारी," साहेब म्हणाले.

सोजरबाई बायांतून उठली आणि सुनेपाशी गेली. तिचे पुढे केलेले हात तिनं हळूच खाली घेतले.

"लाजत नाही साहेब," ती म्हणाली. "तिले दिसत नाही."

साहेबांबरोबर आलेल्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वही उघडली, संधिप्रकाशात डोळ्यांजवळ नेली आणि सांगितलं, "नोंदीप्रमाणं दिसतं."

सोजरबाईनं एका हातानं सुनेचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचा सगळा घोळ आणि तांदूळजा, पाटलांच्या, साहेबांच्या आणि सबंध गावाच्या देखत आपल्या ओटीत भरला. घाई केली नाही. एक जुडी खाली पडली ती वाकून उचलली. मग दोघी मांडवातून चालत घरी गेल्या.

पाटील खुर्चीतून उठले. सरकारी प्रदर्शनातला माल भरसभेत उचलला गेला होता. साहेबांनीही मान हलवली, पंचनामा तर व्हायलाच हवा. बत्ती शेवटी पेटली आणि तिच्या उजेडात कोतवालानं साक्षी गोळा करायला सुरुवात केली. सगळ्यात जवळ बसली होती हाजराबी.

"अंधेरा था ना बाबा," ती म्हणाली. "मेरेकू तो कुछ दिखाच नै."

तिच्यामागे बसलेल्या बाईलाही दिसलं नव्हतं. तिच्यामागचीलाही नाही. मग पुरुषांची ओळ आली. एरवी दुसऱ्याच्या वावरातलं एक बोंड कुणी तोडलं तर शिवेवरून दिसणाऱ्या माणसांना पाच पावलांवरचं टेबल दिसलं नव्हतं. कोतवाल शेवटी पाटलीणबाईंकडे वळला. त्या नवऱ्याच्या शेजारी, टेबलाला खेटून बसल्या होत्या. दोन महिने रोज घरात येणाऱ्या त्या पाल्याला त्या विटल्या होत्या, की फुटलेल्या घागरीची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती, कोण जाणे.

"मले काय विचारता," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले सांजचं दिसत नाही."

एकशे चौदा माणसांनी एकच जबाब दिला. पाटील तेवढे म्हणाले, की मी पाहिलं, पण एका पाटलाच्या शब्दावर एकशे चौदा माणसांना खोटं पाडणं साहेबांना परवडणारं नव्हतं. डॉक्टर मात्र रकान्यांशी इमान राखणारा माणूस. दिवेलागणीला पाच पावलांवरचं दिसत नाही, या लक्षणाला काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते एकशे चौदा नावांपुढे लिहिलं.

पुढचं काम अकोल्याच्या कचेरीत आपोआप झालं. एका बाजूला नोंद होती, की या गावानं एकवीस मण रानभाजी सेवन केली. दुसऱ्या बाजूला नोंद होती, की सेवनापूर्वी एकही रातांधळा नसलेल्या या गावात सेवनानंतर एकशे चौदा रातांधळे झाले. दोन्ही नोंदी सही-शिक्क्याच्या. कार्तिकात नवं परिपत्रक आलं: सदर तण प्रकृतीस अपायकारक असल्याचा संशय असून ते रयतेनं शेतातून तात्काळ उपटून फेकावं. समिती बरखास्त करण्यात येत आहे.

पाटलांनी दुसऱ्याच दिवशी बायांना आपल्या विहिरीखालच्या गव्हात धाडलं. एक काडी ठेवू नका म्हणाले. हे विष माझ्या रानातून बाहेर न्या, सगळंच्या सगळं न्या. बायांनी ते हुकुमाप्रमाणे नेलं. ओटी झाडायला धुऱ्यावर कोतवाल नव्हता.

विजयमाला मार्गशीर्षात बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत तिला मुलीच्या गालावरची खळी दिसली. ही गोष्ट कुठल्याही वहीत नाही.

हे लिहू नये, असं हाजराबीनं मला दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, आपले वाचक समंजस आहेत, ते पाटलासारखे नाहीत. पण इथवर वाचताना तुमच्या मनात येऊन गेलं असेल, की ती भाजी खरंच गुणकारी दिसते, आपल्याही घरी चार दिवस करून पाहायला काय हरकत आहे, कुणाकडून तरी मागवावी. हरकत एवढीच आहे, की तुम्ही मागवली की ती कुणालातरी विकावी वाटेल, विकावी वाटली की राखावी वाटेल, आणि कोतवाल अजून नोकरीत आहे. म्हणून हात जोडून विनंती करतो. तुमची नजर चांगली आहे, हे तुम्ही इतकं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलंत यावरून दिसतंच आहे. ती जरा दुसरीकडे वळवा.